हंगामी मजूर व संमतीचे सोंग

दिवाळी सरली की आमच्या वाशिम जिल्ह्यात कारंजा, मंगरुळपीर, मानोरा या भागांत कापसाची वाहने जिनाच्या फाटकाशी उभी राहू लागतात. पूर्वी बंड्या येत, आज ट्रॅक्टर व टेम्पो येतात, एवढाच काय तो फरक. आवारात पांढऱ्या गंज्या लागतात. आत रेचे सुरू होतात, सरकी एका बाजूस व रुई दुसऱ्या बाजूस पडते. रुई दाबून तिची गठाण बांधली जाते. हवेत इतका बारीक तूस भरतो की तोंडाला पदर बांधल्यावाचून बाईमाणसास उभे राहवत नाही. हा हंगाम म्हणजे शेटजीचे वर्षाचे उत्पन्न आणि गोरगरिबांची चार महिन्यांची भाकर. अशा वेळी फाटकाशी उभ्या असलेल्या मजुराला कोणी विचारले की, ‘बाबा, तुझे काम सुरू किती वाजता होते व सुटते किती वाजता?’ तर तो काय उत्तर देईल? तो म्हणेल, ‘माल सरला की सुटी.’

वाचकहो, या चार शब्दांत मजुराच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या लढ्याचा सारा प्रश्न साठविलेला आहे. कामाचा दिवस मालावरून मोजावयाचा की माणसावरून? या प्रश्नाचा निकाल लागून गेला आहे, असे पुष्कळांस वाटत होते. परंतु महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले. पूर्वी ५ तासांनी मिळणारी विश्रांती ६ तासांनी देण्याचे ठरले. यावर कोणी हरकत घेतली की सरकारपक्षाचे उत्तर तयार असते: जादा कामाला मजुराची लेखी संमती लागेल, जबरदस्ती कोणावरच नाही. आम्हांस आज या ‘संमती’ नावाच्या शब्दाचीच झडती घ्यावयाची आहे. कारण हा शब्द नवा नाही. मजुराच्या गळ्याला फास लावताना तो पूर्वीही वापरला गेला आहे, आणि तो फास ज्यांनी सोडविला त्यांनी तो संमतीने सोडविला नाही, संपाने सोडविला.

यासाठी कापसाच्या गठाणीबरोबर थोडा प्रवास करू. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली ती कारंजावरून गेली. आज ती बंद आहे, पण त्या काळी ती मुख्यतः कापसासाठीच घातलेली होती. जिनात बांधलेली गठाण मूर्तिजापुरास मोठ्या लोहमार्गावर चढे आणि तेथून मुंबईस जाई. काही कापूस बोटीने विलायतेस जाई, काही मुंबईच्या गिरण्यांत. म्हणजे एका गठाणीला दोन मजुरांचे हात लागत. एक वऱ्हाडातील जिनवाला आणि दुसरा परळ-गिरणगावकडचा गिरणीवाला. दोघेही बहुजनसमाजाचेच. गिरणीवाला बहुधा कोकणातून वा देशावरून पोटासाठी मुंबईस गेलेला कुणबी-मराठा, महार, भंडारी. पण या दोघांच्या घड्याळात मात्र मोठे अंतर पडले. ते का पडले हे पाहणे अगत्याचे आहे.

मुंबईच्या गिरण्यांत प्रथम घड्याळच नव्हते. सूर्य उगवण्याच्या आधी मजूर आत शिरे व अंधार पडला म्हणजे बाहेर येई. आठवड्याची सुटी नाही, दुपारच्या भाकरीला ठरलेली वेळ नाही, पगाराला ठरलेली तारीख नाही. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस रोज ९ तासांची मर्यादा घातली. आठ वर्षांच्या पोराने नऊ तास यंत्रापुढे उभे राहावे, ही त्या काळची दया! पण मोठ्या पुरुषाचे काय? बाईचे काय? त्यांच्याविषयी कायद्यात अवाक्षर नाही. कारण काय सांगितले जाई? मोठा माणूस आपल्या अकलेने व खुशीने काम पत्करतो, त्याच्या व मालकाच्या करारात सरकारने पडू नये. हीच ती संमती. शंभर वर्षांपूर्वी तिने पांढरा अंगरखा घातला होता, आज तिने छापील अर्जाचा वेष घेतला आहे.

या संमतीचे बिंग फोडणारा पुरुष आमच्या सत्यशोधक परंपरेतील होता, हे आम्ही अभिमानाने सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. महात्मा जोतीराव फुल्यांचे ते सहकारी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ पत्र लोखंड्यांनी १८८० साली हाती घेऊन मुंबईस चालविले. त्यांनी मजुरांवर पुस्तकी प्रवचन झोडले नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या अगदी साध्या होत्या. दर रविवारी सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास बंद. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर हातपाय तुटला तर मजुराच्या पोटाची तजवीज. यांत कोणते राज्य उलथून पडणार होते? पण या पाच गोष्टींसाठी सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. जेव्हा पांढरपेशा घरांतील बाई उंबरठ्याबाहेर बोलत नव्हती, तेव्हा आमची गिरणीवाली बाई दहा हजारांपुढे बोलली! अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्याने बायांच्या कामास ११ तासांची मर्यादा पडली व आठवड्याची सुटी कायद्यात आली. आज कचेरीतील साहेबापासून शाळेतील मास्तरापर्यंत जो तो रविवारी पाय पसरून बसतो. त्या रविवारामागे गिरणी मजुराचा घाम आहे, याची आठवण कितीजणांस असते?

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. १८८१ च्या व १८९१ च्या या दोन्ही कायद्यांस त्या वेळच्या राष्ट्रीय म्हणविणाऱ्या बहुतेक पत्रांनी विरोध केला. ते म्हणत, मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना आमची गिरणी बुडवावयाची आहे, म्हणून त्यांस आमच्या मजुराचा एकाएकी पुळका आला आहे. मँचेस्टरवाल्यांचा स्वार्थ होता, हे आम्हीही नाकारीत नाही. लांडगा मेंढराचे कल्याण चिंतीत नसतो. पण चौदा तास उभे राहून ज्याच्या पायांना सूज आली आहे, त्याने आपले पाय चेपून घेण्यापूर्वी चेपणाऱ्याची जात व हेतू तपासत बसावे काय? ज्यांनी देशाच्या नावाने मजुराची रविवारची सुटी अडविली, त्यांच्या देशात मजूर राहत नव्हता काय? असो. जात पाहून माप लावण्याची आमची रीत नाही. सोराबजी बंगाली पारशी होते, नारायण मल्हार जोशी ब्राह्मण होते. दोघांनीही मजुरांसाठी झीज सोसली, म्हणून आम्ही त्यांची नावे आदराने घेतो. माणसाला जन्मावरून नव्हे, तो कोणाच्या बाजूस उभा राहिला यावरून पाहावे, हेच तर जोतीरावांनी शिकविले.

यापुढची कथा दिव्याची आहे. सूर्य मावळला की गिरणी बंद, एवढा एक निसर्गाचा कायदा मजुराच्या बाजूने होता. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मालकांनी तोही कायदा मोडला. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. मजूर चिडले, दंगे झाले, संप झाले. मग १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील मोठ्या पुरुषांस प्रथमच मर्यादा पडली. किती? १२ तास. वाचकांनी हा आकडा नीट ध्यानात ठेवावा. १९११ साली परक्या सरकारने जो बारा तासांचा दिवस ठरविला, तोच आकडा २०२५ साली स्वकीय सरकारच्या कागदावर पुन्हा उमटला आहे. आठवड्याची मर्यादा व जादा मजुरी यांचे कुंपण आज त्याभोवती आहे हे आम्ही मान्य करतो. पण कुंपणाचे दार कोणत्या कुलपाने बंद आहे ते पुढे पाहू.

बाराचे दहा कसे झाले? सरकारला स्वप्न पडले म्हणून नव्हे. जानेवारी १९२० मध्ये मुंबईच्या गिरण्यांतील लाखाहून अधिक मजुरांनी कामावर पाणी सोडले. महागाईने घरचे हंडे पालथे पडले होते. त्यांनी मजुरीबरोबर तासांचीही मागणी केली. सुमारे महिनाभर धुराडी थंड पडली. चाळीत चूल पेटेना, वाण्याने उधारी बंद केली, तरी लोक हटले नाहीत. शेवटी मुंबईच्या मालकांना दहा तासांचा दिवस कबूल करावा लागला. मौज ही की, एकदा आपल्यावर दहा तास आले तेव्हा हेच मालक सरकारकडे गेले व म्हणाले, सर्व हिंदुस्थानात दहा तासांचाच कायदा करा, नाहीतर इतर ठिकाणचे मालक आम्हांस मागे टाकतील! काल जी गोष्ट धंदा बुडविणारी होती, ती आज सर्वांस लागू व्हावी असा आग्रह! १९२२ च्या कायद्याने अकरा तासांचा दिवस व साठ तासांचा आठवडा ठरला. त्याच सुमारास, १९१९ साली, वॉशिंग्टन येथे जगातील राष्ट्रांची मजूर परिषद भरली व तिने आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरविला. तेथे आमच्या मजुरांचे प्रतिनिधी नारायण मल्हार जोशीच होते. पण हिंदुस्थानासाठी मात्र त्या ठरावात साठ तासांची वेगळी सवलत कोरली गेली. आमचा मजूर काय लोखंडाचा होता?

हा झगडा आमचाच होता असे नाही. १८६२ साली हावड्याच्या रेल्वे मजुरांनी, सुमारे बाराशे जणांनी, आठ तासांसाठी संप केला. १ मे १८८६ रोजी अमेरिकेत लाखो मजूर आठ तासांसाठी बाहेर पडले. चार मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँब फुटला, आणि पुढील वर्षी ११ नोव्हेंबरला चार मजूर पुढारी फासावर गेले. मे दिनाची सुटी त्या रक्तातून आली. जेथे जेथे तास कमी झाले, तेथे तेथे मजूर एकवटला म्हणून झाले. एकही देश असा दाखवावा की जेथे मालकाने एका मजुराला खोलीत बोलावून विचारले, ‘किती तास काम करशील?’ आणि त्याने ‘आठ’ म्हणताच मालकाने मान डोलाविली!

आता आमच्या जिनाकडे वळू. ज्या गठाणीतून सूत काढणाऱ्याचे तास बारावरून दहावर आले, ती गठाण बांधणाऱ्याचे काय झाले? १८८१ च्या कायद्याची व्याख्याच अशी होती की शंभर माणसे व वर्षातून चार महिन्यांहून अधिक काम असेल तरच तो कारखाना. हंगाम चार महिन्यांचा, म्हणून जीन सुटले. वऱ्हाड तर तेव्हा कागदोपत्री निजामाचा मुलूख होता, पण ती गोष्ट बाजूस ठेवली तरी व्याख्येच्या या फटीतूनच शेटजी बाहेर पडत होता. या फटीत काय चालले होते? १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनापुढे शेजारच्या खानदेशातील जीन-प्रेसविषयी साक्षी झाल्या. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत, अठरा अठरा तास काम चाले व मजुरी तीन-चार आणे. घाईच्या दिवसांत तीच माणसे, त्याच बाया दिवसरात्र जुंपलेल्या असत. थकून पडल्या की दुसऱ्या आणावयाच्या. खानदेशचा कापूस व वऱ्हाडचा कापूस यांत धाग्याचा फरक असेल, पण शेटजीच्या घाईत काय फरक असणार?

१९११ साली चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले. तीस वर्षांनी दार उघडले, तेही अर्धेच. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांस दहा तासांचा दिवस व ५४ तासांचा आठवडा दिला, आणि हंगामी कारखान्यांस अकरा तास व साठ तास. हंगामी कारखाने कोणते, त्याची यादी कायद्यातच होती, आणि तीत कापसाचे जीन व प्रेस नावानिशी लिहिलेले होते. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री असताना कायद्याची सुधारणा झाली व बारमाही कारखान्यांत ९ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा आला. तेव्हाही हंगामीला १० तास व ५० तास असा दोन बोटांचा फरक राहिलाच. तो फरक १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पुसला. १८८१ पासून १९४८ पर्यंत सदुसष्ट वर्षे! मुंबईच्या मजुराला जे मिळे ते वऱ्हाडच्या जिनवाल्याला दर वेळी एक पायरी मागून मिळाले.

असे का व्हावे? जिनवाल्याचे हाड वेगळे होते काय? त्याची बायको कमी थकत होती काय? कारण एकच. मुंबईचा मजूर बारा महिने एका चाळीत राही, एका भोंग्यावर उठे, एका फाटकातून आत जाई. त्याला संप करता येई. विदर्भालाही संप माहीत नव्हता असे नाही, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८७७ सालीच मजुरीच्या दरावरून संप झाला होता. पण तीही बारमाही गिरणी. जिनवाला कार्तिकात येई व फाल्गुनात पांगे. कोणी मानोऱ्याच्या बाजूचा, कोणी रिसोडकडचा, कोणी निजामाच्या हद्दीतून आलेला. एकमेकांची नावे कळेपर्यंत हंगाम संपे. मुकादमाने उचल दिलेली, तिच्या ओझ्याखाली मान वाकलेली. अशा माणसाचा संघ कोण बांधणार? आणि ज्याचा संघ नाही त्याच्याकडे कायदा शेवटी येतो, हा इतिहासाचा स्वच्छ दाखला आहे. संमती मात्र त्याच्याकडून सर्वांत आधी घेतली जाते.

म्हणून आम्ही म्हणतो, कुंपणाच्या दाराला लेखी संमतीचे कुलूप असेल तर त्याची किल्ली मालकाच्याच कमरेला आहे. कल्पना करा. माघ महिना, गंजी आकाशाला भिडलेली, बाहेर वाहनांची रांग. जमादार छापील कागद पुढे करतो. ‘जादा कामास माझी हरकत नाही.’ मजूर अंगठा उठवील की नाही? न उठवला तर उद्या फाटक त्याच्यासाठी उघडणार नाही, आणि बाहेर दहाजण उभे आहेत. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. भुकेल्याने दिलेली संमती ही भुकेची संमती असते, माणसाची नव्हे.

केंद्र सरकारच्या चार मजूर संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने १९४८ च्या कायद्याची जागा घेतली. तीत आठ तास लिहिलेले आहेत, जादा तासाला दुप्पट मजुरीही लिहिली आहे. चांगले आहे. पण विश्रांती धरून दिवस किती लांबवावयाचा ते सरकारी अधिसूचनेवर सोडले आहे, आणि जादा कामाची किल्ली येथेही मजुराच्या संमतीलाच बांधली आहे. शिवाय यंत्राच्या बळावर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १९४८ च्या कायद्यात दहा मजुरांवर होती, ती संहितेत वीसवर गेली आहे. वाचकांस १८८१ ची व्याख्या आठवते ना? व्याख्येची फट रुंद झाली की तिच्यातून प्रथम कोण घसरतो? आमच्या तालुक्याच्या गावांतील लहान दाळमिल, तेलघाणी व हंगामी कामे यांतील मजूरच घसरणार.

मालकांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. ते म्हणतात, कापूस थांबत नाही. अवकाळी पाऊस येतो, गंजीला आग लागते, भाव पडतो. खरे आहे. पण यंत्र चोवीस तास चालवू नका असे कोण म्हणतो? तीन पाळ्या लावा. एकाच्या अंगावरचे बारा तास काढून दोघांना काम द्या. आमच्या खेड्यांत रिकामे हात थोडे आहेत काय? कापूस थांबत नाही म्हणून माणसाने थांबू नये, हा न्याय बैलालाही लावीत नाहीत. दुपारी औत सोडून बैलाला पाणी दाखविणारा कुणबी आम्ही रोज पाहतो. दुसरे असे म्हणतात की मजुरालाच जादा तास हवे असतात, त्याला दोन पैसे अधिक मिळतात. यावर आमचे उत्तर असे की, आठ तासांत ज्याचे घर चालत नाही तो बारा तास मागतो. दोष त्याच्या हव्यासात नाही, आठ तासांच्या मजुरीत आहे. आणि बाईचा हिशेब तर कोणी करीतच नाही. बारा तास जिनात, जाण्यायेण्याचे दोन तास, दोन वेळचा स्वयंपाक, धुणी, पाणी, मुले. तिने झोपावे केव्हा? का तिच्या झोपेचीही लेखी संमती घ्यावयाची?

पण वाचकहो, बोट दुसऱ्याकडे दाखविताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. आमचे बहुतेक वाचक शेतकरी आहेत. जिनवाला मजूरही पुष्कळ वेळा दोन एकरांचा शेतकरीच असतो. आपल्या शेतात कापूस वेचावयास जी बाई येते तिला आपण किलोवर मजुरी देतो. ती उन्हात वाकून किती तास उभी आहे याची नोंद कोण ठेवतो? ‘एवढी ओळ होऊ दे बाई, मग जा’ असे म्हणून आपण दिवस मावळवीत नाही काय? तिच्या पोराला सावलीला बसावयास जागा, तिला प्यावयास माठभर पाणी, हे सगळ्या बांधांवर असते काय? शेतमालाला भाव मिळत नाही, हे आमचे दुःख खरे आहे व त्याविषयी आम्ही नित्य लिहितो. पण वरचा आपल्याला नाडतो म्हणून आपण खालच्याला नाडावे, ही तर जातिभेदाची उतरंड झाली. जी उतरंड मोडावयास जोतीराव उभे राहिले, ती आपल्याच बांधावर कामाच्या तासांच्या रूपाने पुन्हा रचली जाऊ नये.

मग करावे काय? नुसत्या संतापाने पोट भरत नाही. पहिली गोष्ट, जिनात, दाळमिलमध्ये वा कोठेही हंगामाला जाणाऱ्या गावच्या मजुरांनी हंगामापूर्वीच आपली यादी करावी व एकत्र बोलणी करावी. एकट्याने फाटकाशी जाऊ नये. दुसरी, सुरू होण्याची व सुटण्याची वेळ फाटकावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेली असावी, असा आग्रह धरावा. तिसरी, जादा तासांचा हिशेब गावातील शिकलेल्या मुलांनी एका वहीत रोज टिपावा, कारण मालकाची वही मालकाचीच साक्ष देते. चौथी, जादा कामाच्या कागदावर कोणी एकट्याने अंगठा उठवू नये. सर्वांनी मिळून ठरवावे, मग सर्वांनी मिळून उठवावा किंवा सर्वांनी मिळून नाकारावा. हीच खरी संमती. संघाची संमती ही संमती आहे, एकट्याची संमती ही शरणागती आहे. आणि पाचवी, मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यास, मग तो कोणत्याही पक्षाचा व कोणत्याही जातीचा असो, एवढेच विचारावे: ‘बारा तासांच्या प्रश्नावर तुम्ही कोणत्या बाजूने हात वर केला?’

आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. तेव्हा मोठमोठी भाषणे झाली की आता विकास घरापर्यंत येईल. विकास घरापर्यंत यावा व घरचा माणूस उजेडात घरी पोहोचावा, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत. ज्या घरी बाप मुलाला जागे असताना पाहत नाही, त्या घरात शाळेची पाटी कोण तपासणार? मजुराच्या तासांचा प्रश्न हा नुसता मजुरीचा नव्हे, तो विद्येचा प्रश्न आहे. विद्येविना काय काय गेले ते जोतीरावांनी सांगून ठेवले आहे. वेळेविना विद्याच येत नाही, एवढे आम्ही त्यास नम्रपणे जोडतो.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईच्या प्लेगात वारले. त्यांच्यामागे इस्टेट राहिली नाही, रविवार राहिला. तो रविवार त्यांनी कोणाच्या कृपेने मिळविला नाही, आणि कोणाच्या एका अंगठ्याने तो परत जाता कामा नये. कार्तिकात फाटक उघडेल तेव्हा जिनवाल्या बंधुभगिनींनी एकेकट्याने आत शिरू नये. आधी आपसांत ठरवावे की सुटावयाचे किती वाजता, आणि मगच आत पाऊल टाकावे.